आर्डिथबाईंनी गाडी दान केली

वाल्डेक या आमच्या गावात कुणी कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हणत नाही. चर्चच्या तळघरात जेवण असलं की ताटात केकचा शेवटचा तुकडा उरतो. तो कुणी उचलत नाही आणि ‘मला नको’ असंही कुणी म्हणत नाही. एक बाई त्याचा अर्धा कापून घेते, दुसरी उरलेल्याचा अर्धा, तिसरी त्याचाही अर्धा, आणि ताट धुणारीच्या वाट्याला नखाएवढा केक येतो. तीही म्हणते, ‘अगंबाई, एवढा मोठा कशाला ठेवलात माझ्यासाठी!’

अशा गावातसुद्धा आर्डिथ श्मेल्झर म्हणजे कळस. शाळेच्या स्वयंपाकघरात त्या वर्षानुवर्षं वाढपी होत्या. गावातली निम्मी जनता त्यांच्या डावाखालून गेली आहे. बटाट्याच्या तळलेल्या गोळ्या दुसऱ्यांदा मागायला गेलं की मान तिरकी करून, डोळे बारीक करून, मधात बुडवलेल्या आवाजात म्हणायच्या, ‘देते हं राजा, मागच्यांचं होऊ दे आधी.’ मागच्यांचं कधीच होत नसे. घंटा व्हायची. पण बाईंनी आपल्याला नाही म्हटलं, अशी तक्रार घेऊन एकही पोरगं कधी घरी गेलं नाही.

त्यांचे यजमान व्हर्जिल कागदाच्या गिरणीत होते. ते गेले आणि मागे गॅरेजात त्यांची लालबुंद ब्यूइक मोटार राहिली. बाईंची स्वतःची एक छोटी गाडी होती, पण ती गावातल्या गावात फिरण्यापुरती. आमच्याकडे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ बर्फाबरोबर गाड्यांनाही खातं. पाच वर्षांत दरवाज्याखालून चाळणी होते. व्हर्जिल मात्र दर शनिवारी गाडीखाली पाठीवर झोपून, नळी घेऊन तिचं पोट धुवायचे. म्हातारी झाली तरी गाडीला गंजाचा ठिपका नव्हता.

मुलगा एकच, कर्ट. चाळिशीचा. कर्टची कीर्ती सांगायची तर दारू पिऊन त्याने एकदा गाडी घालून दफनभूमीचं कुंपण तोडलं होतं आणि पोलिसाला सांगितलं होतं, ‘आजीला भेटायला आलो होतो.’ तेव्हा गाडी चालवायचा परवाना गेला. त्यानंतर व्हर्जिल दवाखान्यात असताना तो त्यांच्या होडीची मोटर विकून दारू प्यायला. व्हर्जिल खाटेवरून विचारायचे, ‘मोटर आत घेतलीय ना थंडीची?’ आर्डिथबाई सांगायच्या, ‘दुरुस्तीला टाकलीय हो, नवी करून देणारेत.’ नवी होऊन येईपर्यंत व्हर्जिल थांबले नाहीत.

पण मग कर्ट खरंच सुधारला. लुथरन चर्चच्या तळघरात दर मंगळवारी दारू सोडलेल्यांची बैठक असते. तिथे जाऊन कडू कॉफी पिऊ लागला. सप्टेंबरात परवाना परत मिळाला आणि त्याच आठवड्यात तलावापलीकडच्या चीजच्या कारखान्यात, दुसऱ्या पाळीत, नोकरी लागली. कारखाना मोटारीने अर्ध्या तासावर. बस नाही, कधी नव्हतीच.

रविवारी जेवताना कर्टने विषय काढला. काढला म्हणजे आमच्या पद्धतीने.

‘बाबांची गाडी उभी राहून बॅटरी उतरत असेल, नाही?’

‘उतरतच असेल रे.’

‘अधूनमधून कुणी फिरवली तर बरं असतं तिला.’

‘बरंच असतं की. अजून थोडे बटाटे घे.’

‘बास झालं, आई.’

‘घे रे, एवढेसे तर आहेत.’

एवढं झालं. मागणारा गाडी मागून मोकळा झाला आणि देणारीने बटाटे दिले.

खरी गोष्ट अशी, की बाईंना गाडी द्यायची नव्हती. त्यांना ती मोटर आठवत होती. कर्ट गाडी विकेल, किंवा पिऊन कुणाच्या अंगावर घालेल, या धसक्याने त्यांची झोप उडाली होती. हे त्या त्याला सांगू शकल्या असत्या. ‘बाळा, माझा अजून तुझ्यावर विश्वास बसत नाही’ हे एक वाक्य. कर्ट चिडला असता, दार आपटून गेला असता, आठवड्याने परत आला असता. पण हे वाक्य वाल्डेकमध्ये आजवर कुणी उच्चारलेलं नाही.

मग रेडिओने त्यांना वाचवलं. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ एक जाहिरात लागायची. आधी पोरांचं कोरस, मग साखरेत घोळवलेल्या आवाजाचा एक बाप्या: ‘दारात जुनी गाडी पडून आहे? आमच्या शिबिरातल्या मुलांना द्या! आम्ही उचलून नेऊ, तुम्ही करात वजावट मिळवा!’ आणि मग तोच बाप्या, शेपटीला आग लागल्यासारखा, एका दमात: ‘वजावट-प्रत्येकाच्या-परिस्थितीनुसार-आपल्या-सल्लागाराला-विचारा.’ ते शेवटचं कुणाला ऐकूच येत नसे.

पुढच्या रविवारी बाई म्हणाल्या, ‘अरे, तुझ्या मनात असेल गाडीचं. माझ्याही होतं. पण कराचा केवढा फायदा आहे म्हणे! जुन्या गाड्यांचे भाव देतात त्या पुस्तकात तिची किंमत तीन हजार डॉलरच्या वर दाखवतात. तेवढी सगळी वजावट! आणि परतावा आला ना, की तुझ्या गाडीसाठी तोच देईन मी तुला.’

कर्टने घास गिळला. मग म्हणाला, ‘बरोबर आहे, आई. असा फायदा कोण सोडेल?’

त्याला ते पटलं. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. कर हा शब्द आला की आमच्याकडे माणसं टोपी काढून उभी राहतात. आई आपल्याला नाही म्हणते आहे हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. सरकारच मध्ये आलं, त्याला आई काय करणार?

दान घेणाऱ्या संस्थेची टोचन-गाडी आली त्या दिवशी ब्यूइक चालू होईना. ड्रायव्हर ड्वेन, हा एक शब्द बोलून दुसऱ्याची वाट पाहणारा माणूस. ‘बॅटरी,’ म्हणाला. बराच वेळ गेला. ‘मेली.’ तेव्हा कर्टच धावला. शेजारून बॅटरीला जोडायच्या तारा आणल्या, जोडल्या, गाडी सुरू केली, स्वतः स्टिअरिंगशी बसून गॅरेजातून बाहेर काढली आणि ड्वेनच्या टोचन-गाडीवर चढवून दिली. खाली उतरून बाहीने दाराच्या मुठीवरचे बोटांचे ठसे पुसले.

‘चांगली. ठेवलीय,’ ड्वेन म्हणाला.

‘बाबांनी,’ कर्ट म्हणाला.

खिडकीतून बाई हात हलवत होत्या. कुणाकडे बघून, ते त्यांनाच ठाऊक.

त्यानंतर बाईंनी गावात कराचं व्याख्यान लावलं. खोटं एकदा बोललं की त्याला रोज पाणी घालावं लागतं. चर्चमध्ये, वाणसामानाच्या दुकानात, केस कापताना, सगळीकडे: ‘नुसती विकली असती तर किती आले असते गं? त्यापेक्षा दान केलेलं बरं. पुण्य ते पुण्य, आणि कर वाचतो तो वेगळाच.’ बेव्ह हॅल्वरसनने तेवढ्यावर नवऱ्याची होडी देऊन टाकली. नवरा मासेमारीला निघाला तेव्हा त्याला कळलं.

कर्ट लॉनी नावाच्या एकाच्या गाडीतून कारखान्यात जायचा. जानेवारीत लॉनी बर्फावर घसरून पाय मोडून बसला. कर्टने दोनतीनदा हमरस्त्यावर अंगठा दाखवून गाडी मिळवायचा प्रयत्न केला. उणे अठरात गाड्याही फिरकत नाहीत. उशीर झाला, पुन्हा झाला, आणि कारखान्याने अतिशय गोड शब्दांत त्याला सांगितलं की त्याच्यासारखा माणूस मिळणं कठीण आहे आणि सोमवारपासून येऊ नये.

पायी जाता येईल असं गावात काम एकाच ठिकाणी होतं: कोपऱ्यावरच्या दारूच्या गुत्त्यात, भांडी घासायचं. दारू सोडलेला माणूस संध्याकाळभर बिअरचे ग्लास धुवू लागला. तळाशी उरलेलं ओतायचं, ग्लास विसळायचा, पुढचा घ्यायचा. त्याच्या मंगळवारच्या बैठकीतला म्होरक्या म्हणाला, ‘कर्ट, हे सोड, मर्दा. हत्तीलासुद्धा झेपणार नाही.’ कर्ट म्हणाला, ‘आईचा परतावा आला की गाडी घेतोय. मार्चपर्यंतचा प्रश्न आहे.’ आणि आर्डिथबाई भेटेल त्याला सांगायच्या, ‘घराजवळ आहे ते किती छान, नाही का?’

वाचनालयात फेब्रुवारीपासून कराचे कागद फुकट भरून देतात. बँकेतून निवृत्त झालेला ऑर्व्हिल टेश तिथे बसतो. ऑर्व्हिलला कमी ऐकू येतं, आणि आपल्याला येत नाही म्हणजे जगालाच येत नाही असा त्याचा समज आहे. तो ‘नमस्कार’ म्हणाला तरी मासिकं उडतात. कोणाला किती परत मिळणार, हे त्यामुळे पार्किंगपर्यंत कळतं.

कर्टला आपला हिशोब द्यायचा होता. गाडी नाही, म्हणून बाईंनी आपल्या छोट्या गाडीतून आणून सोडलं. ‘तू ये जाऊन. मी इथे वाचत बसते,’ म्हणत त्या वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यात बसल्या. कर्टचं काम पटकन आटपलं. उठता उठता त्याने खिशातून संस्थेची पावती काढली. बाईंच्या फ्रिजवर लावलेली होती, ती तो घेऊन आला होता. त्याला आईला आनंदाची बातमी द्यायची होती.

‘ऑर्व्हिलकाका, आईची गाडी दिली ना, त्याचे तिला साधारण किती मिळतील?’

‘कुणाला? आर्डिथला? शून्य!’

वाचनालयातली मासिकं मिटली.

‘पावतीवर काय लिहिलंय? लिलावात साडेसहाशेला गेली. मग दान साडेसहाशेचंच, पुस्तकातला भाव विसर! आणि तेही कागदावर! अरे, सरकार प्रत्येकाला आधीच एक सरसकट वजावट देतं. तुझे दानधर्म, दवाखाना, घराच्या कर्जाचं व्याज, सगळं मिळून त्याच्या वर गेलं तरच देणग्यांची यादी मांडण्यात अर्थ! आर्डिथचं घर फेडलेलं, दवाखान्याला सरकारी विमा. तिने दहा गाड्या दिल्या असत्या तरी दमडी सुटली नसती!’

‘तिला हे माहीत नसणार,’ कर्ट म्हणाला.

‘माहीत नसणार? मीच सांगितलं ना! ऑक्टोबरात, शुक्रवारच्या गावजेवणाच्या गोंगाटात तळलेले मासे खाताना, शेजारीच बसली होती! गाडी जायच्या आधी! म्हटलं, आर्डिथ, फुटकी कवडी मिळायची नाही, पोराला कामावर जायला दे ती! तर म्हणाली, कळलं रे, पण कर्टला हे—’

आणि ऑर्व्हिलचा आवाज, गावाच्या आठवणीत पहिल्यांदाच, खाली आला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ‘असं काहीतरी म्हणाली,’ तो पुटपुटला. ‘माझे कान असे. चुकीचंही ऐकलं असेन.’

कोपऱ्यातल्या वर्तमानपत्राचं पान उलटलं गेलं नाही. पुस्तकं देणारी मुलगी शिक्का हातात धरून तशीच थांबली.

कर्टने पावतीची घडी घातली. नीट, कडेला कड लावून. ऑर्व्हिलचा हात हातात घेतला, ‘आभारी आहे, काका,’ म्हणाला, आणि आईपाशी आला.

‘झालं, आई.’

‘झालं का? मिळतील काही परत?’

‘मिळतील थोडे. तुझंही विचारलं.’

‘हो का?’

‘चांगला फायदा होईल म्हणाला.’

सगळ्या वाचनालयाने ऐकलं होतं. बाईंनी ऐकलं होतं, आणि बाईंनी ऐकलंय हे कर्टला दिसत होतं. तेव्हा त्या काही बोलू शकल्या असत्या. आम्हाला सगळ्यांना वाटलं, आता बोलतील.

‘वाटलंच होतं मला,’ बाई म्हणाल्या. ‘ऑर्व्हिल हुशारच आहे.’

बाहेर बर्फ वितळून राखाडी चिखल झाला होता. बाईंनी गाडीचं दार उघडलं. कर्ट म्हणाला, ‘तू हो पुढे. मी जरा पाय मोकळे करतो.’

‘अरे, कामावर जायचंय ना तुला? सोडते की.’

‘अजून वेळ आहे.’

तो मुख्य रस्त्याच्या कडेने चालू लागला. बाईंनी गाडी सुरू केली आणि काच खाली करून त्याच्या बरोबरीने, गोगलगाईच्या वेगाने, चालवू लागल्या.

‘बस रे. बूट भिजतील.’

‘भिजू देत, आई.’

‘रात्री काम सुटलं की जेवायला ये. भाजलेला खिमा करतेय, तुझ्या आवडीचा.’

‘छान होतो तुझा.’

‘मग येशील ना?’

‘आई, तुझ्यामागे गाड्या खोळंबल्यात.’

खोळंबल्या होत्या खऱ्या. न्हाव्याच्या दुकानापासून पुलापर्यंत रांग लागली होती. वाल्डेकमध्ये कुणी भोंगा वाजवत नाही, म्हणून एकानेही वाजवला नाही. सगळे आपापल्या काचेमागे बसून हसऱ्या चेहऱ्याने वाट पाहत होते. बाईंनी आरशात पाहिलं, त्यांनाही हसून हात केला, काच वर घेतली आणि पूल ओलांडून गेल्या. कर्ट गुत्त्याच्या दिशेने वळला. कामाची वेळ व्हायला अजून दोन तास होते.