बारा नंबरचे नातेवाईक

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, ज्यांच्याकडं पोळ्या करते त्या काकूंना नाही, आणि आईला तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. कुठून सुरू करू? उन्हापासूनच करते. ऊन नसतं तर मी तिथं गेलेच नसते. पण नाही, उन्हावर ढकलायचं नाही, असं ठरवूनच बसले आहे.

चार उन्हाळे झाले त्याला. वैशू तेव्हा नऊ वर्षांची होती, ओम पाच. आमची खोली पत्र्याची. सकाळी दहालाच पत्रा तापून टकटक वाजायला लागायचा आणि पाणी आठवड्यातून एकदा, म्हणून पोरांना अंगावर तांब्याभर ओतून घ्या म्हणायचीही सोय नाही. शाळेला सुटी लागली की मी दिवस मोजायला लागायची. दीड महिना! या दोघांना दीड महिना रमवायचं कशानं?

बाकीची पोरं मामाकडं जातात. माझं माहेर जतच्या पलीकडं, इथून लई लांब. आणि तिथं गेलं तरी उन्हाळ्यात घराला कुलूप. आई-बाप, भाऊ सगळे मेंढरं घेऊन बाहेर. आमच्या पोरांचा मामा कुठल्या रानात उतरलाय हे त्याचा फोन लागला तरच कळतं. मीही तशीच मेंढरांमागं फिरले आणि सहावीत शाळा सुटली. ती पुन्हा धरता आली नाही.

काकूंचे उपकार मात्र विसरणार नाही. उस्मानपुऱ्यात त्यांचं घर. त्यांनी मला जुन्या लग्नपत्रिकांची थप्पी दिली, अर्धे झालेले खडू दिले, सोंगट्या हरवलेला सापशिडीचा पट दिला. पत्रिका कापून आम्ही गाव बांधलं. सोंगट्यांच्या जागी चिंचोके आले. काकूंची नातवंडं समर कॅम्पला जायची. वैशूनं एकदाच विचारलं, "आई, कॅम्प म्हंजे काय गं?" मी म्हटलं, "आपण करतो तेच." तिला पटलं. तेव्हा तिला माझं सगळंच पटायचं.

पण बारा ते चार? चिंचोके, पत्रिका, गोष्टी — त्या पत्र्याखाली काहीच चालत नव्हतं. ओमच्या अंगावर घामोळ्या उठल्या होत्या. बाग दुपारी बंद. काकूंकडं तरी रोज दोन पोरं घेऊन किती वेळ बसायचं?

मग मला तो हॉल आठवला.

आदल्या वर्षी काकूंचे यजमान, काका, घसरून पडले होते, तेव्हा एका मोठ्या दवाखान्यात मी डबा पोचवायला जायची. पहिल्या मजल्यावर, अतिदक्षता विभागाच्या बाहेर, नातेवाइकांना बसायला मोठा हॉल होता. एसी लावलेला. काचेचं दार उघडलं की अंगावर गारवा यायचा. तुम्हाला कळलंच असेल आता. हसू येईल, नाहीतर राग. लोक जिथं जीव मुठीत धरून बसतात, तिथं मी माझी पोरं सुटीची करमणूक म्हणून नेऊन बसवली. एक दिवस नाही, दोन आठवडे. नवऱ्याला सांगायची, काकूंकडं थांबते.

पोरांना मी पढवलं होतं. कुणी विचारलं तर म्हणायचं, आजी आत आहे.

"कोणती आजी? मेंढरांची?" ओमनं विचारलं होतं.

"व्हय, तीच."

म्हणजे माझ्या जित्याजागत्या, रानात भाकरी थापणाऱ्या आईला मी तोंडानं खाटेवर निजवलं. त्या दिवशी घरी येऊन देवापुढं दिवा लावला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं.

पोरं म्हटल्यावर गोंगाट करणार. गोंगाट झाला की कुणीतरी बघणार. म्हणून मी एक खेळ काढला — जो बोलेल तो आऊट. काचेच्या दारातून आत गेलं की तोंड बंद. सगळं खुणांनी. शेवटपर्यंत जो बोलणार नाही त्याला फाटकाबाहेर गारीगार. पोरांना हा खेळ एवढा आवडला म्हणून सांगू! वैशूनं तर हाताच्या खुणांची भाषाच बनवली. मी मनात म्हणायची, बघा, हा माझा कॅम्प. मला अभिमान वाटायचा हो त्याचा. हेही लपवत नाही.

दुसऱ्या आठवड्यात चाचा भेटले.

सिल्लोडचे. गाद्या-रजया भरायचं काम. बोटांच्या पेरांत, कानाच्या केसांतसुद्धा कापसाचे धागे. त्यांची बीबी आत होती, बारा नंबरच्या खाटेवर, दम लागला म्हणून आणलेली. मुलगा कागदपत्रांसाठी सिल्लोडला परत गेला होता आणि घरातला एकुलता फोन त्याच्याकडं. चाचा एकटेच बसलेले. ओम त्यांच्याकडं टक लावून बघत होता, तर त्यांनी खिशातून रुमाल काढला, दुमडला, पिळला, गाठ मारली — आणि त्यांच्या तळहातावरून एक उंदीर टुणकन ओमच्या मांडीवर उडाला. ओम किंचाळला. आऊट झाला. पण वैशूनं लगेच नवा नियम काढला. चाचांशी बोललेलं चालतं.

चार दिवस ते आमच्या शेजारी बसले. रोज नवा उंदीर. ओमला म्हणायचे, "क्या रे राजा, तेरे चूहे ने आज दूध पिया क्या?" ओम म्हणायचा, त्याला गारीगार पाहिजे. मला बेटी म्हणायचे. इतक्या लांब या शहरात मला कोण बेटी म्हणतं? मी एका दुपारी त्यांच्यासाठी दोन पोळ्या आणि ठेचा नेला तर अर्धी पोळी त्यांनी ओमलाच भरवली. माझा पेशंट कोण, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

आता मी उगीच लांबण लावते आहे. कळतंय मला.

पाचव्या दिवशी गार्ड नवा होता. मोठ्या आवाजाचा. रांगेरांगेनं येत होता आणि प्रत्येकाला विचारत होता — पेशंट कोण, पास दाखवा. एका माणसाला त्यानं सगळ्यांसमोर उठवून बाहेर काढलं, "ही काय धर्मशाळा वाटली का?" म्हणून. आमच्या आधी तीन रांगा होत्या. उठून जावं, तर जिन्याच्या आणि लिफ्टच्या वाटेवर तोच उभा.

तेवढ्यात ओमनं खुणेनं पाणी मागितलं. बाटली रिकामी. हॉलमधल्या मशीनचं पाणी संपलेलं. चाचांनी बाटली माझ्या हातातून घेतली. म्हणाले, "तू बैठ बेटी. मैं नीचेसे भर के लाता. बारा नंबर कू आवाज दिये तो जरा बोल देव, मैं नीचे नलके पे हूँ."

मी मान हलवली. व्हय म्हणाले.

ते लिफ्टमध्ये शिरले आणि थोड्या वेळानं आतलं दार उघडलं. निळ्या कपड्यातला एक पोरसवदा ब्रदर बाहेर आला. "बारा नंबर! बारा नंबरचे नातेवाईक कोण आहेत?"

मी बोलले नाही.

फक्त एवढंच म्हणायचं होतं — खाली गेलेत, बोलावते. किती शब्द आहेत हे? पण मला वाटलं, तोंड उघडलं की सगळा हॉल माझ्याकडं बघणार. गार्ड बघणार. तुम्ही त्यांच्या कोण, तुमचा पेशंट कोण? मी खाली मान घालून पिशवीत काहीतरी शोधत राहिले.

"बारा नंबर! जुलेखाबी! कुणी आहे का?"

वैशूनं माझा पदर ओढला. आतल्या दाराकडं बोट दाखवलं, मग लिफ्टकडं. डोळे मोठे केले. तिची खुणांची भाषा — तिच्याइतकं स्पष्ट त्या हॉलमध्ये कुणीच बोलत नव्हतं. आणि मी काय केलं? मी ओठांवर बोट ठेवलं.

तिसऱ्यांदा हाक मारून तो ब्रदर आत गेला. दार बंद झालं.

चाचा आले. बाटलीला बाहेरून थेंब लागलेले. कुठूनतरी थंड पाणी मिळवून आणलं होतं त्यांनी. ओमला आधी पाजलं. मग बसता बसता सहज विचारलं, "आवाज दिये क्या मेरेकू?"

अजून वेळ होता. हे मला चार वर्षं कळतंय की तेव्हाही वेळ होता. ते दार दहा पावलांवर होतं. पण व्हय म्हटलं असतं, तर मग तू का नाही बोललीस, हे आलं असतं. वैशूनं तोंड उघडलं. चाचांशी बोललेलं चालतं, तिचाच नियम. मी तिच्या दंडाला चिमटा काढला, जोरात, आणि म्हणाले, "नाय चाचा. कुणी नाय बोलावलं."

ते टेकून बसले. निवांत. माझ्या शब्दावर निवांत बसले. ओमसाठी पुन्हा उंदीर बांधायला घेतला. किती वेळ गेला सांगता येत नाही. अर्धा तास असेल. गार्ड मधल्या रांगेत कुणाच्या तरी पासवरून वाद घालत अडकला होता. उंदीर तीनदा उडाला.

मग ते दार उघडलं आणि तो ब्रदर थेट चाचांकडं आला. "अहो, होतात कुठं तुम्ही? तीन हाका मारल्या! त्यांना श्वास जमेना, नळी टाकायची होती. त्या तुम्हालाच बोलवा म्हणत होत्या. आता नळी टाकली. आता बोलता यायचं नाही त्यांना."

चाचा उभे राहिले. "नहीं साब," ते म्हणाले. "किसीने नहीं बुलाया. मैं पानी कू गया था, लेकिन ये बेटी यहींच बैठी थी. पूछो उसकू."

ब्रदर माझ्याकडं वळला. घामेजलेला चेहरा, मास्क हनुवटीवर. "ताई, मी आवाज दिला की नाही? तुमच्यासमोर दिला ना?"

मला वाटलं होतं, एक खोटं सांगितलं की ते तिथंच संपेल. मी त्या पोराच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "मला तर नाय ऐकू आलं."

त्याचं तोंड पडलं. चाचांनी मान हलवली, जशी आपण आपल्या माणसाची बाजू खरी ठरल्यावर हलवतो. आणि तेवढ्यात ज्याला मी भीत होते तो गार्ड आलाच. "तुम्ही कोण? तुमचा पेशंट कोण आहे? पास?"

मी काही बोलायच्या आत चाचा बोलले. "हमारी है ये. बारा नंबर की. बच्चे भी हमारेच हैं."

गार्ड पुढच्या रांगेकडं गेला. एवढंच. एका वाक्याचं काम होतं ते.

मला तेव्हा कळलं की त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असणार. चार दिवस शेजारी बसणाऱ्या माणसाला कळणार नाही का, की या बाईच्या हातात कधी औषधाची पिशवी नसते, भेटायच्या वेळेला ही कधी आत जात नाही?

ते आत जायला निघाले. दाराशी थांबून त्यांनी खिसा चाचपला. मग सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. रुमाल ओमच्या मुठीत होता, उंदीर होऊन.

मी थांबले नाही. पोरांना धरून जिन्यानं खाली आले. रुमालही दिला नाही. जुलेखाबी वाचल्या का? मला माहीत नाही. पुन्हा कधी त्या दवाखान्याकडं गेले नाही. सिल्लोडची बस दिसली की मान वळवते. त्या ब्रदरला कुणी काय बोललं, तेही माहीत नाही. मी विचारायला गेले नाही, हेसुद्धा त्यातच धरा.

फाटकाबाहेर गारीगारवाला उभा होता. वैशू दंड चोळत होती. म्हणाली, "मी बोलले नाय. मग मी जिंकले का?"

मी म्हटलं, "व्हय." आणि तिला गारीगार घेऊन दिली. तिनं ती काडीपर्यंत खाल्ली.

वैशू आता तेरा वर्षांची आहे. त्या दुपारबद्दल ती कधी काही बोलली नाही. पण तिला कुणी काही विचारलं — शेजारणीनं, शाळेतल्या बाईंनी, तिच्या बापानं, अगदी जेवलीस का एवढंच — तरी उत्तर द्यायच्या आधी ती एकदा माझ्या तोंडाकडं बघते. बोलू का, म्हणून.