हॉटेलात कोणी राहिलं नाही ना?

ऑगस्टच्या शेवटच्या मंगळवारी, अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या आमच्या वसाहतीची व्हॅन आली नाही. पुढच्या मंगळवारी आली, पण चालवणारा दुसरा होता. त्यानं दार उघडलं, आम्ही बसलो, त्यानं दार लावलं. डोकी मोजली नाहीत.

आधीचा मोजायचा. सीटवरून मागे वळायचा, बोट वर करून एकेका डोक्याला हवेतच टिचकी मारायचा आणि विचारायचा, "हॉटेलात कोणी राहिलं नाही ना?"

हॉटेल कुठलं? विटांची दुमजली घरं, त्यांत मोटार कंपन्यांत आणि आयटीत नोकरी करणारी मुलं-मुली, आणि त्यांच्याकडे राहायला आलेले आमच्यासारखे आईबाप. नागपूरच्या एका दैनिकात मी बातम्या तपासण्याचं काम केलं. निवृत्त झाल्यावर एप्रिलमध्ये बायकोसह सहा महिन्यांसाठी मुलीकडे आलो. दर मंगळवारी वसाहतीच्या ऑफिसची व्हॅन म्हाताऱ्यांना लायब्ररी, औषधांचं दुकान आणि इंडियन ग्रोसरी असं फिरवून आणते. सरळ गेलं तर तासाभराचं काम. आधीच्या ड्रायव्हरला ते सरळ कधी जमलं नाही.

तो गॅम्बियाचा. पश्चिम आफ्रिकेतला चिमुकला देश; एक नदी आणि तिच्या दोन्ही काठांना थोडी थोडी जमीन. तिथं तो परवाना असलेला टूरिस्ट गाइड होता. हिवाळ्यात युरोपातली माणसं उन्हासाठी तिथं येतात. त्यांना समुद्रकाठच्या हॉटेलांतून बाहेर काढून नदीवर, बाजारात, मगरींच्या तळ्यावर नेणं हा त्याचा धंदा. हंगाम जेमतेम सहा महिने. एका वर्षी विमानंच आली नाहीत, तेव्हा तो बहिणीकडे अमेरिकेत आला. हे त्यानं सांगितलं. मला तपासता आलं तेवढं बरोबर निघालं.

बाकीचं निघत नसे. वसाहतीच्या टोकाला एक तळं आहे. तिथं तो व्हॅन थांबवायचा. "डाव्या हाताला पाहा. या तळ्याला तळ नाही. एक ट्रॅक्टर बुडाला, अजून सापडलेला नाही. ट्रू स्टोरी, अंकल." पाण्याची टाकी देशातली सर्वांत जुनी. लायब्ररीसमोरचं झाड चारशे वर्षांचं. तुम्हीही असे गाइड पाहिले असतील; किल्ल्यावर, लेण्यांत. पण ते एकदा भेटतात आणि सुटका होते. हा दर मंगळवारी भेटायचा.

मी नगरपालिकेत चालत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी नकाशा काढून दाखवला. वसाहत बांधताना पावसाचं पाणी साठवायला खणलेलं तळं. खोली साडेचार फूट. पुढच्या मंगळवारी मी हे सगळ्यांसमोर सांगितलं.

"अच्छा!" तो म्हणाला. "आणि झाडाचं काय, अंकल?"

झाडासाठी मी लायब्ररीत दोन दुपारी घालवल्या. बायको म्हणाली, "अहो, मुलीनं इतकं सांगून कधी पाऊल बाहेर टाकलं नाहीत. आता रोज निघता, ते फक्त त्याला खोटं पाडायला." मी म्हटलं, चुकीची माहिती पसरू देता येत नाही. ती हसली आणि डबा भरू लागली.

जुलैमध्ये ऑफिसनं त्याला ताकीद दिली. ठरलेल्या रस्त्यानंच जायचं. उशिराची आणखी एक तक्रार आली तर नोकरी गेली. हे त्यानंच आम्हाला सांगितलं, आणि लगेच एका कबरस्तानाशी व्हॅन थांबवून तिथे एक राजा पुरला असल्याचं जाहीर केलं.

व्हॅनमध्ये सांगलीच्या एक काकू असत. आदल्या वर्षी काका गेले होते. मुलगा त्यांना इकडे घेऊन आला होता आणि सून मंगळवारी व्हॅनमध्ये बसवून द्यायची. काकू बसत, उतरत मात्र नसत. मांडीवर पर्स, नजर समोरच्या सीटच्या पाठीवर. कोणी चला म्हटलं की म्हणायच्या, "तुम्ही या जाऊन. मी आहे इथे."

तो मला म्हणाला, "या हॉटेलातल्या आहेत."

मग त्यानं एक गोष्ट सांगितली. एक इंग्रज म्हातारी नवरा वारल्यावर एकटीच गॅम्बियाला आली. बाल्कनीत दुर्बीण आणि पक्ष्यांचं पुस्तक घेऊन बसायची, खाली येईना. हा रोज बाल्कनीखाली उभा राहून समोरच्या झाडावरच्या धनेशाला मोठ्यानं पोपट म्हणायचा. तिसऱ्या दिवशी ती पुस्तक घेऊन तावातावानं खाली आली. चौथ्या दिवशी नावेत बसली.

"तुला पक्ष्याचं खरं नाव माहीत होतं का?" मी विचारलं.

"ती पुढं तीन हंगाम आली," तो म्हणाला.

"मी ते विचारलं नाही."

त्यानं डोकी मोजायला सुरुवात केली.

ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी इंडियन ग्रोसरीतून तो एक पाकीट नाचवत आला आणि काकूंच्या खिडकीशी उभा राहिला. "काकू, आज आमची शेंगदाण्याची आमटी करणार." तो इंग्रजीत बोलत होता, काकू मराठीत, अडलं कोणाचंच नाही.

काकूंनी पाकीट पाहिलं. "खारे दाणे? आमटीला? अरे बाबा, तोंडात तरी घालवेल का ती?"

"सगळे दाणे सारखेच, काकू."

"सारखे? कोणी सांगितलं तुला सारखे? सरक, सरक बाजूला."

काकू उतरल्या. पर्स काखेत मारून त्या दुकानात शिरल्या आणि तो मागून. बऱ्याच वेळानं दोघं बाहेर आले. त्याच्या हातात कच्च्या दाण्यांची पिशवी होती आणि काकू अजून बोलतच होत्या. "भाजून सालं काढायची. कूट जाडसर हवं. पीठ करायचं नाही. कळलं का?" आम्ही घरी उशिरा पोचलो. त्याच्या देशाचं मुख्य पीक भुईमूग आहे, हे मी लायब्ररीत वाचलं. खारे आणि कच्चे दाणे त्याला खरोखर ओळखता येत नव्हते का, याची पुष्टी होऊ शकली नाही.

त्यानंतर काकू प्रत्येक थांब्यावर उतरू लागल्या. दोन मंगळवारांनंतर त्या व्हॅनमध्ये बसता बसता म्हणाल्या, "याचा देश म्हणजे नदीच आहे म्हणे. इथे नदी नाही का रे? कृष्णा सोडल्यापासून वाहतं पाणी बघितलं नाही मी."

मी ते त्याला इंग्रजीत सांगितलं. ऑफिसनं दिलेल्या ताकिदीचीही आठवण करून दिली.  तो सीटवरून मागे वळला आणि मोजू लागला. "हॉटेलात कोणी राहिलं नाही ना?"

डेट्रॉइटची नदी ट्रॉयहून बरीच लांब आहे. काठावर उतरल्यावर त्यानं हात पसरला. "पलीकडे कॅनडा. आपल्या दक्षिणेला."

माझा संयम संपला. "कॅनडा उत्तरेला आहे. शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं."

"तपासा, अंकल."

मी फोनमधलं होकायंत्र उघडलं. दक्षिण. जागा बदलून पुन्हा पाहिलं. दक्षिणच. नदी तिथे अशी वळते की शहर वर आणि कॅनडा खाली येतो. बायको इतकी हसली की तिला कठड्याचा आधार घ्यावा लागला. काकूंचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. त्या कठड्याला धरून पाण्याकडे पाहत होत्या. एक मोठं मालवाहू जहाज गेलं. ते दिसेनासं होईपर्यंत त्या हलल्या नाहीत, आणि त्यांना कोणी हाक मारली नाही. त्यानंही नाही.

परतलो तेव्हा काकूंचा मुलगा फाटकाशी उभा होता. काकूंचा फोन घरीच राहिला होता. "आई, मी पोलिसांना कॉल करणार होतो! कुठे होतीस तू?"

"नदीवर," काकू म्हणाल्या.

मुलानं ऑफिसला तक्रार केली. तक्रार वाजवी होती. नंतर आईचं ऐकून त्यानं ती मागेही घेतली, पण निर्णय झाला होता. काकू स्वतः ऑफिसात जाऊन आल्या. तिथे त्या मराठीत बोलल्या, असं त्यांनीच सांगितलं.

तो कुठे गेला, याबद्दल दोन बातम्या आहेत. एक म्हणजे तो विमानतळावर पार्किंगची बस चालवतो. दुसरी म्हणजे हंगामासाठी गॅम्बियाला परतला. दोन्ही ऐकीव आहेत.

ऑक्टोबरमध्ये, आमच्या परतीच्या आठवड्यात, मी तळ्याकडे गेलो तेव्हा तिथे काकू होत्या. दिवाळीसाठी मुलांकडे नुकत्याच आलेल्या दोन बायका त्यांच्याबरोबर होत्या.

"या तळ्याला तळ नाही," काकू सांगत होत्या. "ट्रॅक्टर बुडालाय आत."

त्यांतली एक माझ्याकडे वळली. "खरंच का हो, काका?"

काकू माझ्याकडे पाहत होत्या.

"असं समजतं," मी म्हटलं.

काकूंनी बोट वर करून डोकी मोजली. मला धरून आम्ही चौघं होतो.