आतल्या बाजूची खुर्ची

आमच्या आत्याच्या नाकावर कायम दोन गोष्टी असतात, चष्मा आणि राग. चष्मा ती झोपताना काढून ठेवते.

तिचं चष्म्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, की ती त्याला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते आणि चुकलं, की खेकसते. "अंदाज कशाला बांधताय? दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा की सरळ!" तरी लोक तिच्याचकडे येतात, कारण तिने बसवून दिलेला चष्मा घसरत नाही. संध्याकाळी दुकानाचं शटर ओढलं, की ती घराच्या वरच्या मजल्यावर जाऊन व्हायोलिन काढते. खाली आम्ही राहतो. माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. ते ताबडतोब टीव्हीचा आवाज वाढवतात, मग ती आणखी जोरात वाजवते, मग आई दोघांनाही फैलावर घेते. आमच्या घरात संगीत रुजलं ते असं.

आत्या आमच्या शहरातल्या ऑर्केस्ट्रात आहे. सिनेमाची गाणी वाजवणारा नव्हे, काळे कपडे घालून अर्धवर्तुळात बसणारा, युरोपातल्या जुन्या सिंफनी, म्हणजे लांबलचक वाद्यरचना, वाजवणारा. त्यातलं कोणीही पोटापाण्यासाठी वाजवत नाही. दंतवैद्य आहेत, नळदुरुस्तीवाला आहे, शाळेतल्या भूगोलाच्या बाई आहेत. तालीम त्याच शाळेच्या व्यायामशाळेत. व्हायोलिनवाल्यांचे दोन गट असतात, पहिल्या आणि दुसऱ्या व्हायोलिनांचे; दुसऱ्यांची शेवटची जोडी थेट बास्केटबॉलच्या जाळीखाली बसते. आत्या तिथे बसायची, आणि तिच्या शेजारी मास्तर.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलवाले. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवलीय आणि उरलेलं अर्धं गाव त्या शिकणाऱ्यांना चुकवत फिरतं. माणूस शांत. शेजारचा शिकाऊ भिंतीवर गाडी घालायला निघाला तरी "आता आपण जरा ब्रेककडे लक्ष देऊ या" असं म्हणणारा. आत्याला दर तालमीला ते आपल्या शिकवण्याच्या गाडीतून घरी सोडायचे. त्या गाडीत बाजूच्या सीटपुढेही ब्रेक असतो. मास्तरांचं चालवणं पटलं नाही, की आत्या तो बिनदिक्कत दाबायची. मग आमच्या दारात गाडी उभी करून दोघं भांडत बसायचे, गाडीवरून, सुरांवरून, गतीवरून. आई खिडकीतून म्हणायची, "आले हो, वाजवून पोट भरलं नाही वाटतं."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. व्हायोलिनवाले दोघांत मिळून सुरांचे कागद ठेवायचा एकच स्टँड वापरतात. प्रेक्षकांच्या बाजूचा वाजवत राहतो आणि आतल्या बाजूच्याने पान उलटायचं. म्हणजे त्याने तेवढ्यापुरतं वाजवणं सोडायचं, हात पुढे करायचा, पान फिरवायचं आणि पुन्हा सुरात शिरायचं. आमच्याकडे पानं उलटायचे मास्तर. आत्याने पान संपायच्या जरा आधी मान हलवायची, की पान पलटलंच. आवाज नाही, घाई नाही. इतक्या वर्षांत आत्याने स्वतः एकही पान उलटलेलं नव्हतं. राणीसारखी मान हलवायची, बस्स.

यंदा ऑर्केस्ट्रात नवीन संचालिकाबाई आल्या. वयाने लहान, कडक इस्त्रीच्या. नव्या मोसमाचा कार्यक्रम त्यांनी व्यायामशाळेच्या दारावर लावला आणि सगळे त्याच्यापुढे माना वर करून उभे राहिले. पानगळीपासून उन्हाळ्यापर्यंतच्या मैफली, आणि पहिलीच मैफल अशा सिंफनीची, की जिचा शेवटचा भाग ऐकतानासुद्धा धाप लागते. कार्यक्रमाखाली एक ओळ होती. मोसम सुरू होण्याआधी प्रत्येकाने बाईंसमोर एकट्याने वाजवायचं, आणि त्यावरून बसायच्या जागा ठरणार.

झालं. नळवाल्याला अचानक खूप कामं आली. दंतवैद्य, जे लोकांना तोंड उघडायला सांगताना जराही बिचकत नाहीत, ते पाणी मागत फिरू लागले. आत्या मात्र त्या दिवशी गप्प होती, आणि ती गप्प असली की आम्हाला काळजी वाटते.

कारण मास्तरांचं बोट. त्यांच्या डाव्या हाताचं मधलं बोट गेली काही वर्षं आखडत चाललं होतं. सावकाश वाजवायचं असेल तर ठीक, पण वेग वाढला की ते बोट साथ सोडायचं. अशा वेळी मास्तर गज नुसता तारांवरून फिरवायचे, न टेकवता, आणि आत्या दोघांच्या वाटचं वाजवायची. दोघांनाही हे ठाऊक होतं. बोलायचं मात्र कोणी नाही. मलाही आत्याने त्या रात्री जेवताना सांगितलं तेव्हाच कळलं.

"एकट्याने वाजवायचं म्हणजे उघडं पडणार गं सगळं," ती म्हणाली. "काढून टाकतील त्यांना."

चाचणीच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले होते. आत्या आत, मी आणि मास्तर दाराबाहेर बाकावर. आत्याने वाजवलं. छान वाजवलं, मला त्यातलं फारसं कळत नाही, पण मास्तर डोळे मिटून मान डोलवत होते. मग आतून संचालिकाबाईंचा आवाज आला. दार उघडंच होतं.

"तुम्ही शेवटच्या रांगेत काय करताय? आधीच्या संचालकांनी मला सांगितलंय, तुम्हाला त्यांनी दोनदा पुढची खुर्ची दिली आणि दोन्ही वेळा तुम्ही नको म्हणालात. का?"

"मला मागेच बरं वाटतं," आत्या म्हणाली.

मास्तरांनी डोळे उघडले. आत्या बाहेर आली. आपलं नाव पुकारल्यावर ते आत गेले, व्हायोलिनची पेटी न उघडताच. "मी वाजवणार नाही," ते म्हणाले. "माझं बोट गेलंय. बरीच वर्षं झाली. माझी खुर्ची दुसऱ्याला द्या, आणि माझ्या शेजारणीला पुढे बसवा." बाहेर येऊन आत्याकडे वळले तेव्हा त्यांचा आवाज चढला होता. मास्तरांचा आवाज चढू शकतो हे आम्हाला तोवर माहीतच नव्हतं.

"मी मागितली होती का तुमच्याकडे भीक? माझ्यासाठी मागे राहिलात? आणि मी मूर्ख समजत होतो, की आपण दोघं सारखेच, म्हणून शेजारी बसतोय!"

मास्तर गाडीत बसून निघून गेले आणि आम्ही दोघी पायी घरी आलो.

पुढच्या आठवड्यात जागा जाहीर झाल्या. आत्याला दुसऱ्या व्हायोलिनांच्या पहिल्याच स्टँडवर बसवलं होतं, गटाच्या प्रमुखांच्या शेजारी. आत्या म्हणाली, मी जाणार नाही. व्हायोलिन पेटीत, पेटी कपाटावर, विषय संपला. बाबांनी टीव्ही बंद केला. "ताई," ते म्हणाले, "इतकी वर्षं तुझ्या वाजवण्यामुळे मला एक बातमी धड ऐकू आली नाही. ते सगळं फुकट घालवणार असशील तर माझ्या बातम्या भरून दे." आत्या त्यांच्यावर खेकसली, पण तालमीला गेली.

आणि तिथे व्हायचं ते झालं. पहिल्या स्टँडवर प्रमुख बसतात बाहेरच्या बाजूला, म्हणजे आत्याच्या वाट्याला आली आतली खुर्ची. शेवटचा भाग सुरू झाला, सगळे धावत सुटले. पान संपत आलं. आत्याने सवयीप्रमाणे झोकात मान हलवली आणि वाजवत राहिली. प्रमुख बिचारे पानाकडे बघतायत, आत्या पानाकडे बघतेय, आणि पान आहे तिथेच. प्रमुख थांबले. ते थांबले म्हणून मागची अख्खी रांग थांबली. आत्या एकटीच आठवेल तेवढं रेटत होती, मग तीही थांबली. नळवाला खो-खो हसला. संचालिकाबाई हसल्या नाहीत. "पान कोण उलटणार?" त्यांनी विचारलं. "पहिल्या मैफलीपर्यंत जमलं तर उत्तम. नाहीतर मला तुम्हाला पुन्हा मागे बसवावं लागेल."

आत्याने घरी येऊन सराव केला. पान उलटायला हात पुढे केला, की व्हायोलिन हनुवटीखालून निसटायचं. व्हायोलिन धरलं, की पान फाटायचं. दोन्ही जमलं, की एकाच्या जागी दोन पानं पलटायची आणि सूर पोहोचायचे भलत्याच ठिकाणी. आईने चिकटपट्टीचं रीळ आणून दिलं आणि हात टेकले. मला हसूही यायचं आणि तिच्याकडे बघून वाईटही वाटायचं. मागे बसवलं असतं तर तिने वरवर सुटकेचा निःश्वास टाकला असता, आणि मग व्हायोलिनला हात लावला नसता. तिला पुढे बसायचं होतं. कधीपासून हवं होतं, आम्हाला कळलंच नव्हतं.

शेवटी एका सकाळी दुकान उघडण्याऐवजी ती मला घेऊन ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेली. मास्तर टेबलाशी बसले होते, मागे भिंतीवर रस्त्यांवरच्या खुणांचा तक्ता.

"मला शिकायचंय," आत्या म्हणाली.

"गाडी?" मास्तरांनी वर पाहिलं नाही.

"पान उलटायला."

मास्तर पेनाचं टोपण लावत बसले. आत्या उभीच. मग तिच्या तोंडून जे निघालं ते मी तिच्याकडून कधी ऐकलं नव्हतं.

"मी कीव नाही केली तुमची. पुढे गेले असते तर तुम्ही एकटे पडला असतात, हे खरं. पण मीही पडले असते. माझ्याशी इतकं भांडणारं दुसरं आहे कोण? विचारायला हवं होतं तुम्हाला. नाही विचारलं. चुकलं."

"चुकलंच," मास्तर म्हणाले. "बसा."

तो वर्ग बघण्यासारखा होता. मास्तरांनी तक्त्यापुढे स्टँड उभा केला, त्यावर कागद लावले आणि स्वतः बाजूला, शिकवताना बसतात तसे, पाय पुढे करून बसले.

"घाई कुणाला आहे? वळण दिसल्यावर वळायचं नसतं, आधीपासून तयारी करायची. पानाचा कोपरा अगोदरच दुमडून ठेवा. हां. आता शेवटची ओळ वाचू नका, पाठ करा. वाजवणं हळूहळू सोडायचं, एकदम नाही, मागच्या लोकांना धक्का बसतो. हात सरळ न्या. झडप घालू नका, तो कागद आहे, उंदीर नाही!"

"ओरडू नका, मी काही तुमची विद्यार्थिनी—"

"आहात. पुन्हा."

संध्याकाळी पुन्हा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. शिकाऊ लोक दारात ताटकळत आणि आत दोघं पानावरून हमरीतुमरीवर. तिसऱ्या का चौथ्या दिवशी आत्याने पान उलटलं आणि मला ते उलटल्याचं कळलंच नाही. मास्तर म्हणाले, "आता रस्त्यावर न्यायला हरकत नाही." त्या दिवशी त्यांनी आम्हाला गाडीतून सोडलं. आत्याने एकदाच ब्रेक दाबला.

पहिल्या मैफलीला आम्ही सगळे गेलो. बाबा टाय लावून, आई बाबांना कोपराने डिवचत. मास्तर आमच्या शेजारी बसले. ऑर्केस्ट्रात इतकी वर्षं काढलेला तो माणूस प्रेक्षकांत पहिल्यांदाच बसत होता. हात कुठे ठेवावेत हेच त्यांना कळेना. शेवटचा भाग सुरू झाला तसा माझा जीव टांगणीला लागला. आत्या पुढे, दिव्यांच्या उजेडात, काळ्या कपड्यांत. पान संपत आलं असावं, कारण मास्तर खुर्चीच्या कडेला सरकले. आत्याचा हात पुढे गेला, परत आला, आणि पाठीमागची सगळी रांग तिच्याबरोबर धावत राहिली. मग आणखी एक पान. मग आणखी एक. मास्तर त्यानंतर पानांकडे बघतच नव्हते.

टाळ्या थांबल्यावर आत्या घामेजलेली बाहेर आली. बाबांनी तिला "ताई, बरं वाजवलंस" म्हटलं, जे बाबांच्या हिशेबात फार झालं. ती मात्र मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली. "बोला. तिसरं पान जरा उशिरा झालं ना? मला कळलं होतं ते."

मास्तर म्हणाले, "तुमच्या शेजारी बसायचो तेव्हा माझं लक्ष सगळं पानाकडे. तुम्हाला वाजवताना मी आज पहिल्यांदा पाहिलं."

आत्याने चष्मा काढला आणि पदराने बराच वेळ पुसत राहिली. मास्तरांनी तिच्या हातातली व्हायोलिनची पेटी घेतली आणि गाडी आणायला निघाले.