काळ्या किटलीची आंघोळ

होन्मा तोकुझो ज्या ओंडक्यावर बसून काम करतो, तो त्याच्या आज्यानं आणलेला. ओंडक्याला भोकं, भोकांत लोखंडी खुंट्या, खुंटीच्या टोकावर चांदीचा पत्रा आणि पत्र्यावर तोकुझोची हातोडी. चार घाव बसले की चांदी हट्टाला पेटते, कडक होते. मग तिला भट्टीत ताव द्यायचा, मऊ करायची, पुन्हा ठोकायची. असं वीसपंचवीस वेळा झालं की एका सपाट चकतीतनं कॉफीची किटली उभी राहते. तोटीसुद्धा त्याच पत्र्यातनं ओढून काढलेली, कुठं सांधा म्हणून नाही.

आमच्या त्सुबामे गावात हातोडीवाले अजून आहेत, पण तोकुझोसारखा कान कुणाला नाही. गडी एकाहत्तरचा. पत्रा कुठं पातळ झालाय ते त्याला नुसत्या आवाजावरनं कळतं. बायकोचं बोलणं मात्र कितीही मोठ्यानं केलं तरी कळत नाही, असं बायको म्हणते.

चहाच्या किटल्या ठोकण्यात त्याची उमर गेली. कॉफीच्या नादाला त्याला लावलं ते कोयानागी मात्सुएबाईंनी. निईगाता शहरात त्यांचं कॉफीचं दुकान आहे, आठ खुर्च्यांचं. बावीस वर्षांमागं त्या आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "मिस्त्री, मला पाण्याची धार सुतासारखी पायजे. मधी तुटली न्हाई पायजे, आनि हात थांबला की एक थेंबबी लोंबता कामा नये."

"मग सुईच घ्या की," तोकुझो म्हणाला होता.

तोटी साधेना म्हणून चार किटल्या मोडल्या, पाचवी जमली. तेव्हापासनं ती किटली बाईंच्या हातात. रोजच्या वापरानं चांदी काळवंडत गेली. हातोडीच्या खळग्यांत गडद, उंचवट्यांवर राखाडी, जिथं हात लागतो तिथं मऊ उजळ. गिऱ्हाईक खुर्चीवर बसायच्या आधी किटलीकडं बघून मान लववतं, इतका तिचा मान.

यंदा वसंतात बाई किटली घेऊन आल्या. दांड्यावरचा वेत सैल झाला होता. "शनवारी न्यायला येते. हात लावायचा तो वेताला. बाकी कशाला न्हाई."

"आता तुम्ही मला शिकवा," तोकुझो म्हणाला.

गुरुवारी त्यानं जुना वेत सोडला, नवा भिजत घातला आणि शेताच्या पाटाची बैठक होती तिकडं गेला.

आता तोकुझोची बायको फुमिए. तिचं माहेर आमच्याच गावातलं, पण पॉलिशवाल्यांचं. त्या घरात पोर चालायला लागायच्या आधी घासायला लागतं. मळकं भांडं दिसलं की फुमिएच्या बोटांना खाज सुटते. चहा ठेवायला म्हणून ती कामाच्या खोलीत डोकावली, तर बाकावर ही काळी किटली.

तोकुझो परत आला तेव्हा बाकावर चंद्र ठेवल्यासारखं काहीतरी लखलखत होतं. त्यात त्याला स्वतःचं तोंड दिसलं. तोंड उघडंच होतं.

"बघा, कशी नवरीवानी झालीय," फुमिए म्हणाली. "किती वर्सांचा मळ हुता कुनास ठाऊक. बाई दिसायला नीटनेटकी, पन भांड्याला हात लावत न्हाई वाटतं."

तोकुझो खाली बसला. "बावीस," म्हणाला.

"काय बावीस?"

"वर्सं. ती बावीस वर्सं तू दुपारच्या च्याआधी पुसलीस."

फुमिएला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तिनं हातातलं फडकं मागं लपवलं. पण हरेल ती फुमिए कसली. "मग काळं करायचं काय अवघड हाय? चांदी गंधकानं काळी पडती. आन् गंधक कुठं असतंय?"

शुक्रवारी सकाळी दोघं गाडी काढून त्सुकिओकाच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर गेली. ते पाणी हिरवं, वास नासक्या अंड्याचा. आता तिथं साधं पंच्याचं टोकसुद्धा पाण्यात बुडवू देत नाहीत. पंच्याची घडी करून डोक्यावर ठेवायची आणि मग बसायचं. तोकुझोनं डोक्यावर पंचा घेतला, पंच्याखाली किटली. पुरुषांच्या हौदात तो मान ताठ धरून उतरला.

समोर एक म्हातारा बसला होता. त्यानं बराच वेळ बघितलं. "दादा, तुमच्या पंच्याला तोटी फुटलीय."

तोकुझोनं सगळं सांगून टाकलं. म्हातारा विचारात पडला. "हौदात न्हाई बुडवायची. आमी सगळे त्यात बसलोय. न्हाणीच्या नळालाबी तेच पानी हाय. बादली घ्या." मग दुसरा एक आला, तिसरा आला. बादलीभोवती चार उघडे म्हातारे उकिडवे बसले आणि सल्ले सुरू झाले.

"फिरवा जरा, एका अंगावर भाजंल."

"रताळं हाय का ते."

"माझ्या बायकोचं कुंकवासारखं जपलेलं चांदीचं कंगन असंच झालं हुतं इथं. अजून बोलत न्हाई माझ्याशी."

घंटाभरात किटली काळी झाली. पण कशी, तर चुलीवरच्या तव्यागत. सगळीकडं सारखी, ना खळगा ना उंचवटा. तोकुझोनं ती घरी आणून बाकावर ठेवली आणि डोकं धरलं. "रंग आला. हात न्हाई आला. बाईचा हात कुठं लागत हुता, मला काय ठाऊक? बावीस वर्सांत मी तिला कॉफी वतताना बघितलं न्हाई."

फुमिएनं किटली मांडीवर घेतली. डोळे मिटून अंगठा फिरवला. "मला ठाऊक हाय," म्हणाली. "काल सगळं मीच घासलंय की. हितं तोटीच्या बुडाला लई वेळ लागला. पोटाच्या डाव्या अंगाला लागलाच न्हाई, तिथं आधीच उजळ हुतं. बाई डावखुरी असनार. हिकडं झाकनाजवळ एक बोट टेकतंय तिचं."

तिनं कोळशाची वस्त्रगाळ पूड बोटावर घेतली आणि उंचवटे एकेक करून उजळत गेली. तोकुझो शेजारी बसून नवा वेत गुंडाळत होता. एरवी तासाला दहा वेळा भांडणारी ती दोघं संध्याकाळपर्यंत एकदाही भांडली नाहीत.

शनिवारी मात्सुएबाई आल्या. किटली उचलली, डाव्या हातात तोलली. पाणी भरायला सांगितलं, पिशवीतनं कॉफीची पूड काढली, गाळायचं कापड लावलं आणि धार सोडली. सुतासारखी धार. हात थांबला, थेंब लोंबला नाही. तोकुझोनं श्वास सोडला.

बाईंनी घोट घेतला. दुसरा घेतला. "मिस्त्री, कॉफीला अंड्याचा वास कसा?"

तोकुझो भिंतीकडं बघायला लागला. फुमिएनं सगळं सांगितलं, फडक्यापासनं म्हाताऱ्यांपर्यंत, काही न गाळता. "मीच घासली. माझ्या माहेरी भांडं म्हंजे घासायचंच."

बाईंनी किटली उजेडात फिरवली. झाकणाजवळ बोट टेकवलं. ते बरोबर उजळ जागी बसलं. "हे तुमी आठवून केलं?"

"बोटांनी केलं."

"हितं मातर जरा जास्त घासलंय." बाईंनी तोटीच्या बाजूला नख लावलं. "ऱ्हाऊ दे. माझ्या हातानं हुईल बरोबर." मग त्यांनी आतनं तीनदा गरम पाणी फिरवलं, पुन्हा कॉफी केली आणि तीन कप भरले. तोकुझोनं जन्मात पहिल्यांदा अख्खा कप प्यायला. तोंड वाकडं केलं, पण खाली ठेवला तो रिकामाच.

निघताना बाई फुमिएला म्हणाल्या, "त्या गरम पान्यावर म्होरल्या खेपेला मलाबी न्या. कंबर धरलीय."

हिवाळ्यात त्या खरोखरच आल्या. किटली मात्र दुकानातच कुलपात ठेवून.