थोरलीची जागा

कंधारात देवळाच्या वाटेवर अनंतराव पेशकारांचं घर होतं. निजामाची अमदानी. कचेरीतले कागद उर्दूत चालायचे, घरातले सणवार मराठीत. कचेरीत पेशकार मोठ्या मानाचे, पण घराचा पत्ता विचारला तर कोणी पेशकारांचं नाव सांगायचं नाही. "ती चितरलेली भिंत लागंल बघा, तेच घर," असं सांगायचे.

ती भिंत चितारायची अनंतरावांची बायको सौदामिनी. नागपंचमी जवळ आली की ती पदर खोचून शिडीवर चढायची. चुना दिलेल्या भिंतीवर गेरू, हळद आणि काजळी यांनी पाच फण्यांचा नाग काढायची. शेजारी झुलीचा हत्ती, मोर, आणि खाली महालक्ष्मीची पावलं. बाजाराला निघालेल्या गाड्या भिंतीसमोर थबकायच्या. गाडीवान बैलांना चुचकारत मान वळवून पाहायचे. सौदामिनी आत स्वयंपाकघरात असली तरी चाकांचा आवाज थांबला की तिला कळायचं, आणि ती मनातल्या मनात फुलायची.

ती मूळची औशाची. रंगानं सावळी, आवाज खणखणीत, गळा गाण्याचा नव्हे. चार बायकांत बसून गोड बोलणं तिला कधी जमलं नाही. भिंत, आणि भादव्यात महालक्ष्म्यांना सजवणं, या दोनच गोष्टींवर तिनं सासरी जागा मिळवली होती. तिच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, कोणाचं कौतुक करणाऱ्या नव्हत्या. पण महालक्ष्म्या उभ्या राहिल्या, निऱ्या बसल्या, दागिने चढले, की त्या दारात उभ्या राहून एवढंच म्हणायच्या, "आल्या गं बाई माझ्या लेकी." तेवढ्यावर सौदामिनीचं वर्ष निघायचं.

आणि मग धाकट्या दिराचं, शरदचंद्राचं लग्न झालं. इंदू हैदराबादेहून आली.

इंदूच्या भावाचं तिकडं फोटोचं दुकान. त्यानं पाठवणीला बहिणीला एक काळा डबा दिला होता. समोर काचेचा डोळा, बाजूला चिमुकली खुंटी. गल्लीतल्या बायकांना वाटलं होतं, हैदराबादची आहे, मोत्यांचा तन्मणी तरी आणील. आणला तो डबा. आठ दिवस हसल्या सगळ्या. नवव्या दिवशी इंदूनं तळ्याचा फोटो दाखवला, आणि हसू थांबलं.

पहाटेचं तळं होतं ते. पाण्यावर धुकं, काठावरचा वड, आणि एक बगळा पाण्यात पाय टाकू की नको अशा बेतात. जन्म त्या तळ्यावर धुणी धुण्यात गेलेल्या बायका तो तळव्याएवढा कागद डोळ्यांजवळ धरून म्हणाल्या, "आपलं तळं इतकं साजरं हाय व्हय?"

मग किल्ल्याचा दरवाजा झाला, देवळाच्या खांबावरची नक्षी झाली, बाजाराच्या गाडीचे बैल झाले. दुपारी गल्लीतल्या बायका सौदामिनीच्या ओसरीवर यायच्या, पण आता त्या इंदूच्या खोलीकडं वळायच्या. सौदामिनी शेंगा फोडत एकटी बसायची आणि आतलं हसणं ऐकायची. शेंगा जरा जोरानंच फुटायच्या.

"बगळा काय, उभाच असतो," ती एकदा आत्याबाईंना ऐकू जाईल असं म्हणाली. "त्याला काढायला काय लागतं? खुंटी दाबली की झालं."

आत्याबाई वाती वळत होत्या. "तुला जमंल का दाबायला?"

सौदामिनीला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

खरा घाव बसला तो नागपंचमीला. त्या वर्षी नाग असा उतरला होता, की चढणाऱ्या उन्हात फणा हलल्यासारखा वाटे. इंदूनं कौतुकानं भिंतीचा फोटो काढला, चार दिवसांनी कागद हातात घेऊन बाहेर आली. दूध घालणारी चतुराबाई चरवी खाली ठेवून पाहायला लागली. आणखी दोघीचौघी जमल्या. सगळ्यांची डोकी त्या कागदात, आणि सगळ्यांच्या पाठी भिंतीकडं. खुद्द नाग तिथं हातभर अंतरावर फणा काढून उभा होता, त्याला कोणी विचारीना.

"लई झ्याक हाय," चतुराबाई म्हणाली. "धाकल्या बाईंच्या हाताला देवानं गुण दिलाय."

"तो नाग अक्कांचा आहे हो चतुराबाई," इंदू घाईनं म्हणाली. "मी नुसती तसबीर घेतली."

"हाव, हाव, थोरल्या बाईंचाच की. पर बघा ना, ह्या कागदात कसा जित्ता दिसून राहिला!"

सौदामिनी उंबऱ्यात उभी होती. इंदूनं आपली बाजू घेतली याचा तिला जास्त राग आला. हिनं द्यावा आणि आपण घ्यावा, असा मान आता घ्यायचा होता तर.

भादवा आला. महालक्ष्म्यांच्या आवाहनाला सौदामिनी सोवळ्यानं पहाटेपासून खपली. धडासाठी कोठ्या मांडल्या, त्यांना लुगडी नेसवली, वर पितळी मुखवटे बसवले. समोर उभं राहिलं की थोरली आपल्या उजव्या हाताला, धाकटी डाव्या हाताला, ही या घरची रीत. थोरलीच्या गळ्यात पुतळ्यांची माळ, धाकटीच्या गळ्यात ठुशी. दोन्हीकडं केळीचे खुंट, दोन्हीकडं सारख्या समया. थोरलीच्या डाव्या नाकपुडीचं भोक बुजलं होतं. नथ राहीना, तेव्हा सौदामिनीनं बोटावर मेण मऊ करून ती चिकटवली आणि सुटेल म्हणून बराच वेळ दाबून धरली.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. इंदूनं आत्याबाईंना विचारलं, "देवींची तसबीर घेऊ का?"

"घे की. बारा महिने दर्शन होईल."

इंदूनं दारं सताड उघडली, चौरंगावर डबा ठेवला आणि सगळ्यांना श्वास धरायला लावला. "हलू नका, जमीन हलते." गल्लीतल्या बायका तोंडावर पदर धरून उभ्या राहिल्या. दोघी देवी तेवढ्या निवांत होत्या.

महालक्ष्म्या गेल्या. मुखवटे पेटीत गेले. ती पेटी पुढच्या भादव्याशिवाय उघडायची नाही, असा घरचा दंडक. मग एका सकाळी इंदू अंगणात काचेची चौकट घेऊन बसली. चौकटीत फिल्म, तिच्यामागं कागद, आणि ते उन्हात ठेवायचं. ऊन पीत पीत कागदावर चित्र उमटतं. फिल्मची एक बाजू चकचकीत, दुसरी मंद. मंद बाजू कागदाला लागली पाहिजे, एवढीच त्यात मेख. इंदू फिल्म बोटांत धरून बाजू बघत होती, तेवढ्यात स्वयंपाकघरातून सौदामिनीचा आवाज आला.

"इंदे! डाळ उतू चाललीय! का आज घरच्या पुरुषांनी ऊन खाऊनच कचेरीत जायचं?"

इंदू दचकली. फिल्म मातीत पडली. तिनं ती फुंकून चौकटीत घातली, कागद लावला, खटका बसवला आणि धावली.

संध्याकाळी फोटो वाळला. सगळं घर समईपाशी जमलं. आत्याबाईंनी कागद कपाळाला लावला, मग पाहिला. पाहता पाहता त्यांचा चेहरा उतरला.

"थोरली कुठंय?"

पुतळ्यांची माळ घातलेली थोरली डाव्या हाताला होती. ठुशी घातलेली धाकटी उजव्या हाताला. केळीचे खुंट जिथल्या तिथं, समया जिथल्या तिथं, आणि देवींनी मात्र जागा बदलली होती.

"थोरलीच्या जागी धाकटी जाऊन उभी राहिली," आत्याबाई हळूच म्हणाल्या. मग त्यांनी इंदूकडं पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

हे कसं झालं, ते इंदूलाही उमगेना. तळ्याचे, वडाचे, बगळ्याचे किती फोटो तिनं केले. त्यातले काही उलटे झालेही असतील, तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. तळ्याला डावं-उजवं कोण विचारतं?

आत्याबाईंच्या हातातून कागद सौदामिनीकडं आला. तिनं तो डोळ्यांजवळ धरला. थोरलीची नथ उजव्या नाकपुडीत होती. ज्या नाकपुडीवर तिनं बोट दाबून धरलं होतं, ती रिकामी. तिचा हात नकळत आपल्या नथीकडं गेला. डाव्या बाजूला. देवी जागच्या हलल्या नव्हत्या. सगळं चित्रच पालथं पडलं होतं, अंगरखा उलटा व्हावा तसं.

एक शब्द पुरला असता. तो तिच्या जिभेवर आलाही होता. तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "डबा ट्रंकेत घाल इंदू. किल्ली माझ्याकडं दे. थोरलीचं ते थोरलीचंच असतं, या घरात."

हे वाक्य ऐकायला सौदामिनी किती महिने झुरली होती. तिनं तो शब्द गिळला, आणि फोटो देव्हाऱ्यात पालथा ठेवला.

दोन-चार दिवस मजेत गेले. दुपारच्या बायका पुन्हा ओसरीवर आल्या. पण बसल्या त्या इंदूभोवती. "लेकरू आहे, चुकलं असंल." कोणी तिला मुरमुऱ्याचे लाडू आणले. चतुराबाईनं खरवस आणला, तो थेट धाकल्या बाईंच्या हातात दिला. इंदू रोज पहाटे न्हाऊन देवळाला प्रदक्षिणा घालायला लागली, तर गाव म्हणायला लागलं, काय सोशीक पोर आहे. सौदामिनी नेमानं तीच प्रदक्षिणा इतकी वर्षं घालत होती. तिला सोशीक कोणी म्हटलं नव्हतं.

घटस्थापनेला घरचे उपाध्ये रेणुकादासबुवा आले. घट बसल्यावर आत्याबाईंनी त्यांना फोटोची हकिगत सांगितली. बुवांनी कागद दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"आजी, तुम्ही याला अपशकून म्हणून राहिलात. मला तसं दिसत नाही. देवीचा चेहरा प्रसन्न आहे. तिनं आपण होऊन जागा बदलली. कौल दिला तिनं."

"कसला कौल?"

"की आता सेवा धाकट्या हातानं व्हावी. पुढल्या भादव्यात इंदूनं सजवाव्या महालक्ष्म्या. दोषही राहणार नाही."

आत्याबाईंनी थोडा विचार केला आणि मान हलवली. "देवीचीच इच्छा असंल तर मी कोण? सौदा, पोरीला निऱ्या घालायला शिकव."

सौदामिनीच्या हातात नैवेद्याचं ताट होतं. ते तिनं जमिनीवर ठेवलं, नाहीतर पडलं असतं. बगळा नेला, भिंत नेली, गल्ली नेली, आणि आता लेकी!

"कौल नाही, काही नाही," ती म्हणाली. आवाज एवढा मोठा निघाला की बुवा दचकले. "देवी कशाला जागा सोडतील? ती तसबीर उलटी आहे."

"उलटी म्हणजे?"

"नथ बघा ना थोरलीची! उजवीकडं कोण नथ घालतं? मी मेण लावून डावीकडं बसवलीय, या बोटानं. तुम्ही सगळे माळा मोजत बसलात. इंदे, ती फिल्म आण."

इंदू धावत गेली. पितळी डबीतून फिल्म काढली, अंगणात उन्हाकडं धरली. काळ्या चेहऱ्यांच्या दोन देवी दिसल्या, थोरली डावीकडं. मग इंदूनं बोटांत फिल्म पालटली. थोरली उजवीकडं आली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, जशी उभी होती तशी.

आत्याबाईंनी हात जोडले. बुवांनी उपरणं सावरत म्हटलं, "देवीची लीला," आणि केळं सोलायला घेतलं.

"डाळ उतू चालली होती तेव्हा," इंदू स्वतःशीच पुटपुटली. "तेव्हाच पालथी बसली."

आत्याबाईंनी मात्र विचारलं, "सौदा, तुला हे कधी दिसलं?"

"आत्ताच की. बुवांच्या हातात बघितलं तेव्हा."

आत्याबाईंनी किल्ली इंदूच्या हातावर ठेवली. महालक्ष्म्या सौदामिनीकडंच राहिल्या. ती मान ताठ करून आत गेली, पण इंदू मागोमाग आली आणि चुलीपाशी उभी राहिली.

"अक्का, त्या दिवशी समईपाशी तुमचा हात नथीला गेला होता. मी बघितलं होतं. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही."

सौदामिनी लाकूड आत सारत राहिली. "मग आता लागला ना? जा, सांग आत्याबाईंना."

"नाही सांगत."

"का? उपकार करून राहिलीस का माझ्यावर?"

इंदू हसली. डोळ्यांत पाणी होतं, तरी हसली. "निऱ्या मला खरंच येत नाहीत हो. बुवांनी लई घाबरवलं होतं मला." आणि डोळे पुसून, "डब्यातल्या दुसऱ्या फिल्ममधे एक जागा उरलीय. उन्हं आहेत तोवर भिंतीपाशी उभ्या राहा. यंदाचा नाग पुसायच्या आत."

सौदामिनीला वाटलं, नको म्हणावं. हिच्या मोठ्या मनाचाही आपल्याला हेवाच वाटतो आहे, हे तिला कळत होतं. तरी तिनं चुलीवरचं भांडं उतरवलं, तोंड धुतलं, नवं लुगडं नेसली आणि नथ घातली.

भिंतीपाशी उभं राहून ती एवढंच म्हणाली, "मंद बाजू कागदाला लाव. आणि मी डाळीसाठी हाक मारली तरी उठू नकोस."

तो फोटो पुढं तिच्या खोलीत लागला. नागाच्या फण्याखाली सावळी, ताठ सौदामिनी, नथ डावीकडं. आणि देव्हाऱ्यात महालक्ष्म्यांचे दोन फोटो आले, एक सरळ आणि एक उलटा. देवीचं रूप उमटलेला कागद फाडायचा कसा? म्हातारी होईपर्यंत सौदामिनी दोन्हींना रोज हळदकुंकू वाहायची. फूल पहिलं सरळ फोटोला. उलट्या फोटोपाशी हात जरा थांबायचा, आणि मग तीही जागा ती फुलानं भरायची. इंदू पाहत असली तर थोडं मोठं फूल वाहायची.