बाईची सोंगं

हे माझ्या बायकोला माहीत नव्हतं. ती गेली, तेव्हाही सांगायचं राहिलंच. मुलींना माहीत नाही. भावांना नाही. आज लिहितो आहे, कारण गेल्या महिन्यात मला राग आला — आणि तो अजून उतरलेला नाही.

माझी थोरली मुलगी — ती स्वतःच आता आजी आहे — नातवंडांना सांगत होती, "आमची दादी फार शांत. मोठ्यानं बोललेली मी कधी ऐकलीच नाही."

शांत? माझी आई शांत? दरवर्षी तिच्या पुण्यतिथीला कुणी ना कुणी हेच बोलतं. गरीब गाय. घरात आहे की नाही कळायचं नाही. आणि मी मान डोलवत बसतो. खोटं आहे हे. धादांत खोटं! आणि हे खोटं या लोकांनी रचलेलं नाही.

आईला आम्ही बाई म्हणायचो. वाटूरला आमचं धान्याचं दुकान, मागं घर. घराणं राजस्थानातून कधी आलं, हे आजोबांनाही नीट सांगता यायचं नाही. बाई उपरण्याचा ससा करायची, कणकेचे पोपट करायची आणि त्या पोपटांची अशी भांडणं लावायची की घरातली, शेजारची पोरं जेवायची विसरायची. पण तिची खरी कला पुरुषांच्या डोळ्यांसाठी नव्हतीच. आमच्यात बरात मुलीच्या गावी निघाली, की नवरदेवाच्या घरी फक्त बायका उरतात. त्या दार लावून घेतात आणि लग्नाची सोंगं काढतात — कुणी नवरा, कुणी व्याही, कुणी भटजी. त्याला टूंट्या म्हणतात. बाई आहे म्हटल्यावर बायका दोन दिवस जास्त राहायच्या.

मी ते पाहिलं. तिथूनच माझा गुन्हा — नाही, पाहणं हा गुन्हा नव्हता. नीट सांगतो.

चुलतभावाचं लग्न. निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. बरात ट्रकनं शहागडला गेली आणि मी हिवतापानं माळवदावरच्या खोलीत पडून राहिलो. बाई वर येऊन बघून गेली. माझे डोळे मिटलेले होते, झोपलो असं तिला वाटलं. भर दुपारी अंगणातून हसणं ऐकू आलं. मी उठून खिडकीच्या फटीला डोळा लावला.

अंगणात बडे बाबूजी बसले होते! म्हणजे माझे थोरले चुलते, घराचे आणि दुकानाचे मालक. तोच फेटा. तेच खाकरणं. नाही म्हणायच्या आधी दाणे तळहातावर चोळत बसणं, तेही तेच. ती बाई होती, काजळाची मिशी काढून. आणि हे लक्षात घ्या — या जेठांशी ती जन्मात एक शब्द बोलली नव्हती. धाकट्या भावाच्या बायकोनं जेठासमोर घूंघट घ्यायचा, बोलायचं नाही, ही आमची रीत. घूंघटाच्या आतून, नुसत्या आवाजावरून आणि पावलांवरून तिनं हा माणूस उभा केला होता.

शेजारची पार्वताबाई मुलीचा बाप झाली होती.

"पोरगी गोरी हाय, सेठजी."

"गोरी बराबर. पन चाळून आनली, का मातीसकट?"

बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. मीही हसलो, चादर तोंडात कोंबून.

मग बाई उठली. खांदे पाडले, छत्री घेतली आणि कुणाच्या तरी मागं चालल्यासारखी चालायला लागली. "ऊन हाय म्हनता? बराबर, बडे बाबूजी. पाऊस हाय म्हनता? बिलकुल बराबर — हे बघा, भिजलो!" आणि तिनं सदरा पिळून दाखवला.

तो मी होतो — बडे बाबूजींवर छत्री धरून त्यांच्या मागं चालणारा. सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं? माझी बायको. मांडीवर आमची थोरली. "अस्सेच! अगदी अस्सेच चालतात!"

आता सांगतो. बरात परतल्यावर मी दुकानात, गादीवर जाऊन बडे बाबूजींना सांगितलं — बाईनं तुमचा फेटा घातला, तुमचं सोंग केलं, परक्या बायकांसमोर केलं. छत्रीचं सांगितलं नाही. घराण्याची अब्रू वगैरे शब्द वापरले. अब्रू कसली? मला माझ्या आईवर सूड उगवायचा होता. तिनं काढलेलं माझं सोंग खोटं असतं, तर कदाचित मी गप्प बसलो असतो.

ते बाईशी बोलू शकत नव्हते, म्हणून उंबऱ्याशी उभं राहून माझ्याशी बोलले. "सांग तुझ्या आईला, ह्या घरात पुन्हा सोंग होनार न्हाई." बाई चार हातांवर घूंघट घेऊन उभी, सगळं ऐकत. तरी मी सांगितलं. "म्हनावं, पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घे." तेही सांगितलं. वडील भिंतीशी बसून स्वतःच्या पायांकडं बघत होते. बाईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्या जिवाची शपथ घेतली. ज्यानं चुगली केली, त्याच्याच जिवाची!

बायकांनी ठरवलं, पार्वताबाईच बोलली असणार. बाईनं आपल्या या एकुलत्या मैत्रिणीला दारातून परत लावलं. ती "माझ्या लेकराची आन, म्या न्हाई" म्हणत रडत होती. मी तिथंच ओट्यावर बसलो होतो.

पुढं बडे बाबूजी वारले. घर आमच्या हाती आलं. बडे बाबूजींना बोल लावणं सोपं आहे, पण त्यानंतरची वर्षं कुणाची? शपथ माझ्या जिवाची होती. सोडली, एवढं मी म्हणायचं होतं. नाही म्हणालो. बाईनं पोरांसाठी ससा, पोपटसुद्धा केले नाहीत — तेही सोंगच, न जाणो माझ्या जिवाला काही व्हायचं. आणि मी? ती पुन्हा छत्री घेईल, या भीतीनं गप्प.

थोरली सात-आठ वर्षांची असताना हसनाबादच्या आत्याकडून काहीतरी ऐकून आली. बाई गहू निवडत होती. पोरगी गळ्यात पडली. "दादी, तुम्ही मिशी लावून सोंगं करायच्या म्हणं! आत्ता करा ना!"

बाईचे हात सुपात थांबले. तिनं पोरीकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत ती जुनी चमक होती. ती वाट बघत होती.

मी म्हणालो, "दादीला असलं काही येत न्हाई."

पोरीनं ते खरं मानलं. पुढच्या साली बाई गेली.