हातभर खालची माती

कालव्याच्या चारीवर पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याला सगळे 'ढेकूळ' म्हणत. कुणाच्याही रानात शिरला की आधी कुदळीने हातभर खड्डा काढायचा आणि तळाची माती मुठीत दाबायची. गोळा वळला की म्हणायचा, "हिला तहान नाही. उगाच कशाला पाजता?" त्याच्या या खोडीपायीच चारीच्या शेवटच्या टोकाला, जिथे पूर्वी चुळीपुरतं पाणी पोचायची मारामार, तिथेही आता पीक उभं राहत होतं.

त्या वर्षी पाणी कमी, पाळी पंधरा दिवसांनी. त्याच्या वहिनीच्या मक्याची पाळी आली तेव्हा ढेकूळने खड्डा काढला. गोळा वळला. त्याने पाणी टोकाकडच्या रानाला सोडलं.

"भावजी, कणसं भरायची वेळ आहे," वहिनी कडाडली. "मका वाळला तर तुमच्या त्या खड्ड्यात मलाच पुरा."

"वाळला तर खांद्यावरून पाणी आणून घालीन."

"मग घागरी घासून ठेवते."

आठव्या दिवशी बांधाकडच्या चार सऱ्यांतल्या मक्याच्या पानांची सुरळी झाली. ढेकूळने तिथे कुदळ मारली, तर रेताड माती बोटांतून गळून गेली. त्याने खड्डा काढला होता सखल बाजूला, जिथे ओल आपसूक टिकते. जन्मभर दुसऱ्यांच्या मातीत हात घालणारा गडी एकाच खड्ड्यावर निकाल देऊन बसला होता.

त्याने सबब सांगितली नाही. विहिरीच्या तळाचं पाणी शेंदून सकाळ-संध्याकाळ खेपा घातल्या. खांद्याची सालं निघाली. पहिल्या दिवशी वहिनी बांधावरून एवढंच म्हणाली, "सांडू नका." तिसऱ्या दिवशी स्वतःच घागर घेऊन पुढे झाली. चार सऱ्या तगल्या. बाकीचं रान तर पाण्यावाचूनही हिरवंगार होतं.

पुढच्या पाळीला ढेकूळ कुदळ घेऊन आला, तर रानात तीन खड्डे आधीच काढलेले. सखलात, मधोमध आणि बांधाकडे.

"बांधाकडच्या चार सऱ्या भिजवा," वहिनी कोपरापर्यंत मातीने माखलेली. "बाकीचं पाणी सोडा खाली."

तो सवयीने खड्ड्याशी वाकला.

"काय हो भावजी, माझ्या मुठीवर भरवसा नाही?"

ढेकूळने कुदळ खांद्यावर टाकली आणि गुमान चारीचं दार फोडून पाणी सोडायला गेला.